व्हिडिओवर पेशंट बघताना: सहा वर्षांतलं शिकणं

प्रश्न असा आहे: 'मी एमबीबीएस. दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी दवाखाना टाकला. लांबच्या वाड्यांवरचे जुने पेशंट आता व्हिडिओवरच बघा म्हणून मागे लागलेत. सुरुवात केली, पण पेशंटला हात लागत नाही म्हटल्यावर चुकायची फार भीती वाटते. तुम्ही इतकी वर्षं करताय. काय जमतं, काय जमत नाही, आणि कायद्याने काय चालतं?'

डॉक्टर, आधी तुमच्या भीतीबद्दल. ती जाऊ देऊ नका. मी साताऱ्यात २६ वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय आणि मार्च २०२० पासून व्हिडिओवर पेशंट बघतोय. आजही कॉल संपल्यावर अर्धा मिनिट थांबून मी स्वतःला विचारतो, 'हा माणूस समोरच्या खुर्चीत असता तर मी कुठे हात लावला असता?' त्याचं उत्तर 'पोटाला' किंवा 'पोटऱ्यांना' असं आलं, तर मी लगेच परत फोन लावतो.

माझे निम्मे पेशंट जावळी, पाटण आणि महाबळेश्वरच्या मागच्या अंगाचे. कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडे कांदाटी खोऱ्यातली गावं आहेत. तिथून यायचं तर आधी लाँचने तापोळ्याला किंवा बामणोलीला, मग गाडीने घाट उतरून सातारा. पावसाळ्यात हा सगळा दिवसाचा खेळ. 'शुगर नॉर्मल आहे, त्याच गोळ्या चालू ठेवा' एवढं ऐकायला माणसाने हा प्रवास का करावा, हा प्रश्न मला लॉकडाउनच्या आधीपासून बोचत होता. म्हणून व्हिडिओची सोय आली तेव्हा मला आनंदच झाला. नंतर एक-दोन फटके बसले, त्यातला एक सांगणार आहे. पण आनंद अजून आहे.

तुम्हाला वाटतं की व्हिडिओवर तपासणी होत नाही. माझा अनुभव असा की तपासणी होते, फक्त ती दुसऱ्याच्या हाताने करून घ्यावी लागते. आणि दवाखान्यात जे कधीच दिसत नाही ते एक तिथे दिसतं: पेशंटचं घर. ते कसं, हे एका आजींच्या बाबतीत मी शिकलो.

मधुमेहाच्या जुन्या पेशंट, वय ७० च्या आसपास, रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. साखर तीनशेच्या खाली उतरेना. दर महिन्याला मी डोस वाढवत होतो. सकाळचे २० युनिट होते ते करता करता ३२ झाले. ओपीडीत विचारलं की उत्तर ठरलेलं, 'घेते की रोज, नेमानं.' आणि त्या खरंच नेमाने घेत होत्या. लॉकडाउनमध्ये नातवाने व्हिडिओ लावून दिला. मी म्हटलं, 'आजी, आत्ता माझ्यासमोर भरून दाखवा बघू.' त्यांनी फ्रिजच्या दारातून बाटली काढली, ओट्यावर ठेवली, सिरिंजचं टोपण दाताने ओढून काढलं. टोपण नारिंगी होतं.

तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडच्या बहुतेक इन्सुलिनच्या बाटल्या ४० युनिटच्या, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्यांना लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या औषधासाठी. कोणीतरी मेडिकलमधून 'इन्सुलिनची सुई' म्हणून जी मिळाली ती आणून दिली होती, आणि गेले पाच महिने तीच चालू होती. त्या सिरिंजमध्ये ३२ च्या रेघेपर्यंत भरलं तरी औषध ०.३२ मिलिलिटरच बसतं, म्हणजे आजींच्या अंगात जेमतेम १३ युनिट जात होते. मी मात्र केसपेपरवर ३२ लिहून साखर का उतरत नाही याचा विचार करत बसलो होतो.

इथे एक धोका आहे, तो लक्षात ठेवा. नुसती सिरिंज बदला म्हणून सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी आजींना एकदम ३२ युनिट गेले असते आणि साखर धाडकन खाली आली असती. म्हणून आधी डोस १६ वर आणला, मग लाल टोपणाची सिरिंज मागवली, ती आल्यावर कॅमेऱ्यासमोर भरून घेतली आणि पुढचे दहा दिवस रोज साखर कळवायला सांगितलं. त्यांना १८ युनिटमध्ये भागलं. त्याच कॉलमध्ये बेंबीच्या डाव्या बाजूला सुई टोचून टोचून झालेली लिंबाएवढी गाठही दिसली. ओपीडीत नऊवारीच्या ओच्याखाली ती मला कधी दिसली नव्हती, आणि मी ती बघायला हवी होती.

तेव्हापासून इन्सुलिनवरच्या प्रत्येक पेशंटचा सहा महिन्यांतून एक व्हिडिओ कॉल मी मुद्दाम ठेवतो, तो दवाखान्याच्या शेजारच्या गल्लीत राहत असला तरी. दम्याच्या पेशंटला पंप ओढून दाखवायला सांगतो. निम्म्याहून जास्त लोक पंप दाबतात एका क्षणी आणि श्वास ओढतात दुसऱ्या क्षणी. औषधांचा डबा कॅमेऱ्यासमोर पालथा करायला लावतो. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या, दोन वेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या, दोन्ही रोज चालू, हे मी किती वेळा पाहिलं याची गणती नाही. दवाखान्यात पेशंट चिठ्ठी आणतो. घरी डबा दिसतो, आणि खरा इलाज डब्यात चाललेला असतो.

आता हाताच्या कामाबद्दल. कॉल सुरू होण्याआधी आमच्या सिस्टर फोन करून तीन गोष्टी सांगतात: खिडकीपाशी उजेडाकडे तोंड करून बसा, जवळ एक धडधाकट माणूस ठेवा, आणि असतील ते कागद व गोळ्या हाताशी घ्या. तो धडधाकट माणूस म्हणजे माझे हात. पायाला सूज आहे का हे त्याला विचारायचं नाही. 'नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरा, आता सोडा, आता कॅमेरा तिरका जवळ आणा.' खड्डा पडला असेल तर आडव्या उजेडात तो स्वच्छ दिसतो.

श्वास मोजताना पेशंटला सांगू नका की मी श्वास मोजतोय, सांगितलं की लय बदलते. फोन कशाला तरी टेकवून ठेवायला सांगा, पेशंटला बाजूने बसवा, नातेवाइकाशी काहीतरी बोलत राहा आणि तेवढ्यात पूर्ण एक मिनिट छाती-पोट बघा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, व्हिडिओ अडकतो आणि हिशेब चुकतो. मोठ्या माणसात आकडा २४ च्या वर गेला की माझ्या लेखी व्हिडिओ संपला, पेशंटने निघायचं. वाक्य तुटतंय का तेही ऐका. 'घरात कोण कोण असतं?' असं विचारलं की धाप असलेला माणूस दोन नावं घेऊन थांबतो.

बीपीचे घरचे आकडे तेवढेच खरे जेवढी मोजायची पद्धत खरी. पहिल्यांदा माझ्यासमोर मोजायला लावतो. पट्टा सदऱ्यावरून बांधलेला, हात हवेत लोंबकळतोय, पेशंट बोलतोय, हे सगळं तिथे दिसतं. मग सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजून वहीत लिहायला सांगतो, पहिला दिवस सोडून देतो आणि बाकीच्यांची सरासरी काढतो. घरच्या मोजणीत १३५/८५ ला जास्त धरायचं, १४०/९० ला नाही. हे लक्षात ठेवलं तर गोळ्या वाढवायचं आणि कमी करायचं काम दवाखान्यापेक्षा व्हिडिओवर जास्त नीट होतं असं माझं मत झालंय. दवाखान्यात जिने चढून, नंबरसाठी तासभर बसून आलेला माणूस मोजला जातो.

त्वचेसाठी व्हिडिओचा नाद सोडा. साधा फोटो मागवा: दिवसाच्या उजेडात, एक लांबून आणि एक जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. हलत्या व्हिडिओत नागिणीचे फोड आणि घामोळं सारखंच दिसतं.

आता तो फटका.

एक आजोबा, वय ७६, गावी पत्नीबरोबर राहणारे. मुलगा न्यू जर्सीला. मुलाने कॉल जुळवला, त्यामुळे पडद्यावर तिघं: आजोबा, मुलगा आणि मी. वेळ आपल्याकडची रात्रीची साडेआठ, कारण मुलाला ती सोयीची. तक्रार थकव्याची. बोलत होता मुलगा. 'बाबा हल्ली बसूनच असतात, जेवण कमी झालंय, वयाचं असेल ना डॉक्टर?' आजोबांना मी विचारलं की ते म्हणायचे, 'बरं आहे, बरं आहे.' खोलीत पिवळा बल्ब होता. पिवळ्या उजेडात रक्त कमी झालेला माणूसही पांढरा दिसत नाही. मी बीपीची एक गोळी अर्धी केली, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि म्हणालो, 'जमेल तेव्हा करून घ्या.'

जमेल तेव्हा म्हणजे सोळा दिवसांनी. हिमोग्लोबिन ५.८. गुडघेदुखीसाठी ते दोन महिने मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी घेत होते आणि तीन आठवडे शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, म्हणजे पोटात रक्तस्राव चालू होता. मुलासमोर, तेही पडद्यावर, शौचाबद्दल बोलायचा त्यांना संकोच वाटला. मी विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतं. मी विचारलंच नाही. दुर्बिणीतून जठरात व्रण दिसला, रक्ताच्या तीन पिशव्या लागल्या, माणूस वाचला. मुलाने मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण ते सोळा दिवस माझे आहेत.

त्यानंतर मी चार गोष्टी बदलल्या आणि त्या आजपर्यंत मोडलेल्या नाहीत. परदेशातला मुलगा-मुलगी कॉलवर असेल तर पहिली पाच मिनिटं फक्त पेशंट बोलणार, हे मी सुरुवातीलाच सांगतो. लोक समजून घेतात. शेवटी मुलाला थोडा वेळ बाजूला व्हायला सांगून लघवी, शौच, झोप, पडणं आणि घरात ठेवलेल्या बाकीच्या गोळ्या यांबद्दल पेशंटला एकट्याने विचारतो. थकव्याचा, धापेचा, चक्करेचा नवा पेशंट सूर्य मावळल्यावर बघत नाही. आणि पेशंटचा तळहात त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाच्या तळहाताला लावून एकाच चौकटीत दाखवायला सांगतो. उजेड कसाही असला तरी तो दोघांवर सारखाच पडतो, त्यामुळे फरक डोळ्यांत भरतो. कावीळ मात्र याने कळत नाही. डोळे पिवळे वाटतायत असं कोणी म्हटलं की सरळ रक्त तपासायचं.

'जमेल तेव्हा' हे शब्दही सोडले. आता म्हणतो, 'उद्या दुपारी १२ पर्यंत रिपोर्ट माझ्याकडे आला पाहिजे,' आणि सिस्टरांच्या वहीत ते लिहिलं जातं.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती शिकायला मला फार वेळ लागला. तिशीतली सून, पोटदुखी, डोकेदुखी, झोप नाही. फोन सासूच्या हातात, खोलीत आणखी दोन माणसं. ती काय सांगणार? दवाखान्यात मी नातेवाइकांना बाहेर बसवतो. व्हिडिओवर दार माझ्या हातात नसतं. आता मी विचारतो, 'हेडफोन आहे का? कानाला लावा, आवाज स्वच्छ येत नाहीये.' हेडफोन लागला की माझे प्रश्न तिलाच ऐकू जातात. 'मी विचारतो, तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणा. पाळी चुकली आहे? अंगावर जातं? घरी कोणी मारतं? जीव नकोसा होतो?' दोनदा शेवटच्या प्रश्नाला हळूच 'हो' आलं. दोन्ही वेळा मी 'रक्त तपासायला उद्याच्या उद्या आणा' असं कारण देऊन तिला दवाखान्यात बोलावून घेतलं आणि एकटीशी बोललो. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा १४४१६ हा नंबर तोंडपाठ ठेवा, तिथे मराठीत बोलता येतं. पण जीव नकोसा झालाय म्हणणाऱ्या माणसाला नुसता नंबर देऊन कॉल बंद करू नका. घरातलं एक विश्वासाचं माणूस कॉलवर आल्याशिवाय मी फोन ठेवत नाही.

काय बघायचं नाही, याबाबत मी कठोर आहे आणि तुम्हीही व्हा. छातीत दुखणं, एका बाजूची ताकद जाणं, तोंड वाकडं होणं, रक्ताची उलटी, गरोदरपणात रक्त जाणं किंवा जोराची डोकेदुखी किंवा बाळाची हालचाल कमी होणं, अंगावर पीत नसलेलं तान्हं मूल. यांचा व्हिडिओ कॉल लागतच नाही. फोन घेणाऱ्या माणसाला हे पाठ हवं. अर्धांगाच्या झटक्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. तो वेळ 'हात वर करा, हसून दाखवा' यात घालवू नका. १०८ ला फोन आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या हॉस्पिटलचा रस्ता.

'अ‍ॅसिडिटी वाढलीय, गोळी सांगा' म्हणून पन्नाशीतला गृहस्थ फोन करतो. मी त्याला गोळी सांगत नाही, ईसीजी काढायला सांगतो. तो रागावतो. रागावू दे.

पोट हा व्हिडिओचा विषय नाही. एका बोटाने दुखणारी जागा दाखवायला लावा, खोकायला सांगा, एका पायावर उडी मारायला सांगा, यातून संशय येतो. संशय आला की हात हवा. ताप पाच दिवसांवर गेला की तोही समोर हवा. बारीक किडा चावून होणाऱ्या स्क्रब टायफसची काळी खपली काखेत, जांघेत, स्तनाखाली लपलेली असते. कॅमेऱ्यासमोर ती कोणी दाखवत नाही आणि तुम्हीही दाखवा म्हणू नये. भातखाचरात काम करणाऱ्याच्या पोटऱ्या दाबून बघाव्या लागतात, नाहीतर लेप्टोस्पायरोसिस निसटतो.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण माझी शिस्त त्या दिवसांनी घडवली. रात्री एकेक तास फोनवर असायचो. ऑक्सिजन ९४, माणूस हसतोय, बोलतोय. मग घरातल्या घरात सहा मिनिटं चालायला लावायचं आणि परत मोजायचं. तीन-चार अंकांनी खाली आला की गाडी बोलवायची. बोट थंड असेल, नखाला मेंदी किंवा पॉलिश असेल तर यंत्र भलतंच दाखवतं. आणि सावळ्या कातडीवर ते खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतं, हे आपल्या लोकांच्या बाबतीत विसरून चालत नाही. यंत्र आणि माणूस यांचं पटत नसेल तर मी माणसाचं ऐकलं.

कायद्याचं. २५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे जे नियम आहेत त्यांना त्या जोडल्या आहेत. त्याआधी सगळं धूसर होतं. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीच्या एका प्रकरणात, फोनवर औषधं सांगितली गेली आणि बाळंतीण दगावली म्हणून, डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्या निकालानंतर आमच्यातले कित्येकजण फोनवर पॅरासिटामॉल सांगायलाही घाबरत होते. सूचना आल्यावर निदान रेघा आखल्या गेल्या. त्या मूळ इंग्रजीतून एकदा पूर्ण वाचून काढा, पन्नास पानांच्या आतलं काम आहे. रोजच्या कामाला लागतं ते असं.

औषधांच्या तीन याद्या आहेत. 'ओ' यादीत पॅरासिटामॉल, ओआरएससारखी औषधं, ती कोणत्याही माध्यमावरून सांगता येतात. 'ए' यादीतली औषधं पेशंटला पहिल्यांदाच बघत असाल तर व्हिडिओवर बघूनच द्यायची, नुसत्या फोनवर नाही. काही मलमं, डोळ्याचे-कानाचे थेंब त्यात येतात, आणि बीपी-शुगरच्या चालू गोळ्या पुन्हा लिहून देणंही. 'बी' यादी जुन्या पेशंटसाठी: ज्या आजारासाठी तुम्ही त्याला प्रत्यक्ष तपासलंय त्याच आजाराचं वाढीव औषध. प्रत्यक्ष भेटीला सहा महिने झाले असतील तर तो कायद्याच्या नजरेत पुन्हा नवा पेशंट. शेड्यूल एक्सची, म्हणजे कडक बंधनातली, आणि अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं व्हिडिओवर द्यायची नाहीत. झोपेच्या गोळीसाठी कितीही आर्जवं झाली तरी मी लिहीत नाही.

चिठ्ठीवर तुमचा नोंदणी क्रमांक हवा. सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो पाठवला तरी चालतो, पण पेशंटला. पेशंटने स्पष्ट सांगितल्याशिवाय परस्पर मेडिकलवाल्याला पाठवायची नाही. नाव, वय, पत्ता, फोन विचारून लिहून घ्या. १६ किंवा त्याहून कमी वयाचं मूल असेल तर मोठं माणूस कॉलवर असलंच पाहिजे. फी घेतली तर पावती द्या. पेशंटने स्वतः कॉल केला म्हणजे संमती गृहीत धरतात, तुम्ही किंवा सिस्टरांनी लावला तर संमती मागा आणि केसपेपरवर तसं लिहा. आणि एक कलम मला मनापासून पटतं: पेशंट प्रत्यक्ष यायला तयार असेल तर व्हिडिओचा आग्रह डॉक्टरने धरायचा नाही.

दुबई, लंडनहून आपली माणसं फोन करतात, 'इथले डॉक्टर वेळच देत नाहीत.' वाईट वाटतं, पण भारताबाहेरच्या पेशंटला या सूचना लागू नाहीत. मी त्यांना आजार समजावून सांगतो, तिथल्या डॉक्टरला काय विचारायचं ते सांगतो, औषध लिहून देत नाही.

सरकारच्या ई-संजीवनीचं एक मला फार आवडतं. तिच्या दोन शाखा आहेत. पेशंट घरून थेट डॉक्टरशी बोलतो ती एक, एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. दुसरी त्याआधीची, नोव्हेंबर २०१९ ची. तिच्यात पेशंट गावच्या आरोग्य केंद्रात जातो, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी समोर बसलेला असतो आणि मोठ्या ठिकाणचा डॉक्टर पडद्यावर. मला दुसरी जास्त भावते, कारण तिथे शिकलेला हात आहे. बीपी नीट मोजलं जातं, पोटाला हात लागतो, पेशंटला घाम फुटलाय हे कोणीतरी सांगतं. तुमचा दवाखाना खासगी असला तरी आसपासच्या उपकेंद्रांतल्या अधिकाऱ्यांशी आणि आशाताईंशी ओळख ठेवा. माझ्या एका पेशंटचा जीव अशा ओळखीवर टिकून आहे.

ते कांदाटी खोऱ्यातले. हृदयाची ताकद कमी, साठी ओलांडलेली. वर्षातून चार-पाचदा पाय सुजून, रात्री उशाला तीन उश्या घेऊन, लाँचमध्ये आडवे होऊन सातारला यायचे आणि दरवेळी आठवडाभर ॲडमिट. घरात रेंज नाही. घरामागच्या टेकाडावर आंब्याखाली दोन कांड्या येतात. मी त्यांना एक वजनकाटा घ्यायला लावला. नियम एकच: रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत वजन करायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं की लघवीच्या गोळीची दुसरी अर्धी सुरू करायची आणि त्याच दिवशी टेकाडावर जाऊन फोन लावायचा. पंधरा दिवसांतून एकदा आशाताई बीपी मोजून मला कळवतात. महिन्याकाठी सून तालुक्याला आली की रक्ताचा नमुना येतो, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघून मी गोळ्या ठरवतो. कॉलवर ते कॅलेंडरचं पान कॅमेऱ्यासमोर धरतात. गेल्या दोन पावसाळ्यांत ते एकदाही ॲडमिट झालेले नाहीत. चढावर चालून आल्यावर त्यांना किती धाप लागते हे मला पहिल्या अर्ध्या मिनिटात ऐकूच येतं, त्यासाठी वेगळी तपासणी लागत नाही.

तुम्ही सुरुवात करताय तर पहिले सहा महिने फक्त स्वतः हाताने तपासलेले जुने पेशंट घ्या. ओपीडीच्या गर्दीत मधेच कॉल घेऊ नका, दुपारी तासभर वेगळा ठेवा आणि तासात चारच. एका कॉलला पंधरा मिनिटं लागतात, घाईत पडद्यावरचं काहीच दिसत नाही. फी ओपीडीइतकीच घ्या, म्हणजे 'आता दवाखान्यात या' म्हणताना हात आखडत नाही. त्याच आजारासाठी दोन दिवसांत पेशंट आला तर मी दुसऱ्यांदा फी घेत नाही.

आणि एक वही करा. आमच्या सिस्टरांकडे आहे, साधी दोनशेपानी, लाल पुठ्ठ्याची. ज्याला ज्याला मी व्हिडिओवरून 'या' म्हटलं त्याचं नाव, वेळ, घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबर आणि शेवटचा रकाना 'पोचले का'. संध्याकाळी सातला तो रकाना रिकामा दिसला की सिस्टर फोन लावतात. गेल्या मार्चमध्ये एक शेतकरी, पोटात उजवीकडे खाली दुखतंय, सकाळी अकराला 'या' म्हटलेला, सातपर्यंत आला नव्हता. फोन उचलला बायकोने. म्हणाली, 'आता बरं वाटतंय म्हणतायत, कळ एकदम थांबलीय, पण थंडी वाजून अंग तापलंय.' कळ एकदम थांबली हे ऐकल्यावर मी स्वतः फोन घेतला आणि त्यांच्या गावातल्या जीपवाल्याला उठवला. अपेंडिक्स फुटलेलं निघालं. रात्री एकला सर्जनने ऑपरेशन केलं, अकराव्या दिवशी माणूस घरी गेला.